इंग्रजी कळते की नुसती वाचता येते?

नववी-दहावीच्या वर्गात इंग्रजीचा धडा खणखणीत आवाजात वाचून दाखवणारी मुले पुष्कळ असतात. 'आता काय वाचलेस ते मराठीत सांग' म्हटले की त्यांतली बरीच गप्प होतात. 'असर'च्या 'बियाँड बेसिक्स' या २०२३ च्या अहवालासाठी देशातल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी झाली. इंग्रजीतली साधी वाक्ये वाचता येणारी मुले ५७.३ टक्के निघाली, आणि ज्यांना वाचता आली त्यांच्यातल्याही सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनाच अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरातल्या साधारण बेचाळीस मुलांना वाक्य वाचताही आले आणि कळलेही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. दहावीत पोचलेल्या मुलाच्या पदरी या भाषेची दहा वर्षे असतात. एवढ्या काळात त्याला इंग्रजी किती समजते हे आपण कधी नीट तपासले का? घटक चाचण्या झाल्या, सहामाही-वार्षिक झाल्या, गुणपत्रकात आकडे पडले. पण त्या आकड्यांतला समजेचा वाटा किती आणि पाठांतराचा किती, हे त्याच्या शिक्षकालाही सांगता येत नाही. दोष मुलाचा नाही, चाचणीचा आहे. बोर्डाची कृतिपत्रिका आपल्या हातात नाही, हे खरे. पण आठवी ते दहावीच्या घटक चाचण्या आणि सराव चाचण्या शाळेतच तयार होतात, तिथे शिक्षकाला मोकळीक असते. हा लेख त्या चाचण्यांसाठी आहे.

आधी एक प्रयोग करून पाहा. हे वाक्य वाचा: 'गिरव्याने लोंबकी फिसळात टुचकली.' आता उत्तरे द्या. लोंबकी कोणी टुचकली? गिरव्याने. कुठे टुचकली? फिसळात. गिरव्याने काय टुचकले? लोंबकी. तीनपैकी तीन गुण, आणि वाक्यातला एकही शब्द मराठीत नाही! इंग्रजीच्या तासाला आपली मुले नेमके हेच करतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकतात, त्याच्या मागचे-पुढचे चार शब्द उचलून वहीत उतरवतात. 'हू' विचारले तर क्रियापदाच्या आधीचे, 'व्हेअर' विचारले तर 'इन' किंवा 'ॲट'च्या पुढचे. हे कौशल्य ती पाचवीपासून शिकलेली असतात आणि आपण त्यालाच आकलन समजून गुण देत असतो.

तेव्हा प्रश्न काढल्यावर स्वतःला पहिली गोष्ट विचारायची: अर्थ न कळताही या प्रश्नाचे उत्तर लिहिता येईल का? येत असेल तर प्रश्न बदला. दुसरी गोष्ट याच्या उलट बाजूची. उतारा न वाचताच उत्तर देता येईल का? शिवराज्याभिषेकावरचा उतारा देऊन 'राज्याभिषेक कुठे झाला' असे विचारले, तर मूल ते चौथीच्या इतिहासाच्या बळावर लिहील. त्याची इंग्रजी त्यात कुठेच नाही. यावर सोपा उपाय असा की, उतारा बाजूला ठेवून नुसते प्रश्न सहकाऱ्याच्या हातात द्यायचे. त्यांनी अंदाजाने जे बरोबर सोडवले ते काढून टाकायचे. शिक्षकदालनात मधल्या सुट्टीत होणारे काम आहे हे.

पाठ्यपुस्तकातल्या धड्यावरचे प्रश्न वाचन-आकलनाची कसोटी ठरू शकत नाहीत, याबद्दल माझे मत पक्के आहे. तो धडा वर्गात दोनदा-तीनदा समजावून झालेला असतो, गाईडमध्ये त्याचे भाषांतर असते, उत्तरे तयार असतात. धड्यावर प्रश्न जरूर विचारावेत, अभ्यास केला की नाही ते त्यातून कळते. पण आकलन तपासायचे तर उतारा मुलांनी पूर्वी न पाहिलेलाच हवा. बोर्डाच्या कृतिपत्रिकेतही पाठ्येतर उतारा असतोच. त्याचा सराव म्हणून जुन्या कृतिपत्रिकांमधलेच उतारे फिरवत राहिलो, तर तेही काही दिवसांनी पाठ होतात.

उतारा कुठून आणायचा? कुठूनही. इंग्रजी वर्तमानपत्रातली छोटी बातमी, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, रेल्वेचे वेळापत्रक, ग्रंथालयाचे नियम, एखाद्या खेळाडूची मुलाखत. नववीला दीडशे-दोनशे शब्द पुरे. विषय मुलांच्या ओळखीचा असावा, पण त्यातली माहिती नवी असावी. शब्दांच्या बाबतीत मात्र काटेकोर राहावे लागते. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली केलेल्या संशोधनातून असे दिसले की, कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द वाचणाऱ्याला माहीत असावे लागतात. दोनशे शब्दांच्या उताऱ्यात चार अनोळखी शब्द, बस्स. आपण देतो त्या उताऱ्यांत मराठी माध्यमाच्या मध्यम मुलाला तीस-चाळीस शब्द अडतात. मग तो वाचतच नाही, हुडकतो. म्हणून उतारा ठरवण्यापूर्वी दुसऱ्या तुकडीतल्या एका मध्यम मुलाला तो द्यावा आणि न कळलेल्या शब्दांखाली पेन्सिलने रेघा मारायला सांगाव्यात. रेघा फार झाल्या तर उतारा सोपा करा, किंवा दोन-तीन शब्दांचे अर्थ खाली देऊन टाका. त्यात कमीपणा काही नाही.

एक नमुना घेऊ. पुढील सूचना मुलांना अर्थातच इंग्रजी लिपीत द्यायची. 'द ट्रिप टू रायगड विल बी ऑन सॅटर्डे, नॉट ऑन फ्रायडे. स्टुडन्ट्स हू हॅव पेड नीड नॉट पे अगेन. द बस विल लीव्ह द स्कूल गेट ॲट सिक्स. इट विल नॉट वेट. टी अँड ब्रेकफास्ट विल बी गिव्हन, बट ब्रिंग युवर ओन लंच.'

सहल कुठे जाणार, बस किती वाजता सुटणार, हे प्रश्न हुडकण्याचे झाले. एखादा ठेवावा, घाबरलेल्या मुलाला धीर येतो. पण खरी तपासणी पुढे आहे. 'सायलीने गेल्या आठवड्यात सहलीचे पैसे भरले. सूचना वाचल्यावर तिने काय करायचे?' इथे 'नीड नॉट पे' या तीन शब्दांवर सगळे अवलंबून आहे. ज्यांना नुसते 'पे' आणि 'अगेन' दिसते ती मुले लिहितात, पुन्हा पैसे भरायचे. 'ओंकार सहा वाजून दहा मिनिटांनी गेटवर पोचला, त्याचे काय झाले असेल?' याचे उत्तर सूचनेत कुठेही लिहिलेले नाही. दोन वाक्ये जोडल्याशिवाय ते सापडत नाही. 'इट विल नॉट वेट यातले इट म्हणजे काय?' हा प्रश्न लहान दिसतो, पण सर्वनाम कोणाकडे बोट दाखवते हे न कळल्यामुळे मुले अख्ख्या उताऱ्यात भरकटतात. 'घरून काय न्यावे लागेल आणि काय नाही?' आणि शेवटी, 'सहलीचा दिवस आधी वेगळा ठरला होता, हे कशावरून म्हणता?' एवढ्याशा सूचनेवर पाच प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्न वेगळ्या जागी बोट ठेवतो.

चूक की बरोबर या प्रकारात निम्मे गुण नशिबाने मिळतात. तो प्रकार ठेवायचाच असेल तर 'माहिती दिलेली नाही' हा तिसरा पर्याय जोडावा आणि उत्तर ज्या ओळीवरून काढले तिचा क्रमांक लिहायला लावावा. ओळ चुकली तर गुण नाही, असे आधीच सांगून ठेवले की नाणेफेक थांबते.

आता वादाचा मुद्दा. वरचे प्रश्न मी मुद्दाम मराठीत लिहिले. आकलनाच्या चाचणीत प्रश्न मराठीत असावेत आणि उत्तरही मराठीत चालावे, असे मला वाटते. अनेक शिक्षकांना हे रुचत नाही. इंग्रजीच्या पेपरात मराठी कशाला, असा त्यांचा सवाल असतो. पण आपण मोजतो आहोत काय, ते पाहा. मुलाला उतारा कळला, पण इंग्रजीत वाक्य जुळवता आले नाही, तर त्याला शून्य मिळते. ज्याला काहीच कळले नाही त्यालाही शून्य. दोघांची अडचण वेगळी, इलाज वेगळा, आणि वहीत दोघांचा आकडा एक! लेखन तपासायला निबंध आहे, पत्र आहे, तिथे खुशाल इंग्रजीचा आग्रह धरा. दक्षिण कोरियाच्या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेतल्या इंग्रजीच्या पेपरात उतारे आणि संवाद इंग्रजीत असतात, पण प्रश्न कोरियन भाषेत विचारतात. इंग्रजीसाठी जिवाचे रान करणाऱ्या देशाला त्यात वावगे वाटत नाही. दहावीच्या सराव परीक्षेत बोर्डाच्या नमुन्याप्रमाणे इंग्रजीत प्रश्न द्यावेच लागतील, पण वर्षभरातल्या छोट्या चाचण्यांना तो नियम लावायचे कारण नाही.

अगदीच वेळ नसेल तर क्लोझ चाचणी घ्यावी. विल्सन टेलर यांनी ती १९५३ साली मांडली. उताऱ्यातले पहिले वाक्य जसेच्या तसे ठेवायचे आणि पुढे दर सातवा शब्द गाळत जायचे. व्याकरणाने आणि अर्थाने बसणारा कोणताही शब्द मान्य करावा, मूळ शब्दच हवा असा हट्ट नको. प्रश्न काढण्याचे कष्ट वाचतात, तपासणी लवकर होते आणि उतारा वर्गाला झेपतो की नाही याचा अंदाजही येतो.

श्रवणाकडे वळू या, कारण तिथे आपली बाजू फारच लंगडी आहे. दहावीला तृतीय भाषा इंग्रजीचे १०० गुण, त्यांतले ८० लेखी. श्रवण आणि संभाषणाला जागा आहे ती उरलेल्या २० मध्ये. ते २० गुण शाळेच्या हातात असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी ते नीट काही न ऐकवताच दिले जातात. मघाशी सांगितलेल्या कोरियातल्या परीक्षेत इंग्रजीच्या ४५ प्रश्नांपैकी १७ श्रवणाचे असतात आणि ते चालू असताना देशभरात विमानांची उड्डाणे-उतरणी सुमारे अर्धा तास थांबवतात. आपल्याला विमाने थांबवायची नाहीत. श्रवणचाचणीच्या पंधरा मिनिटांत शेजारच्या वर्गाचा पीटीचा तास मैदानाच्या दुसऱ्या टोकाला न्यावा, शिपाईकाकांना सूचना घेऊन वर्गात येऊ नका म्हणून सांगावे, एवढे मुख्याध्यापकांनी मनावर घेतले तरी पुष्कळ. पत्र्याचे छप्पर असेल तर जुलैच्या पावसात श्रवणचाचणी ठेवू नये. पंखे बंद करावेत. स्पीकर टेबलावर न ठेवता वर्गाच्या मध्यावर ठेवावा, आणि मुले येण्यापूर्वी शेवटच्या बाकावर स्वतः बसून ऐकून पाहावे.

ऐकवायचे काय? मोबाईलवर स्वतःच्या आवाजात केलेले एक-दीड मिनिटाचे ध्वनिमुद्रण चांगले. संवाद असेल तर दुसरा आवाज सहकाऱ्याचा घ्यावा. शिक्षक समोर उभे राहून वाचतात तेव्हा मुले निम्मे हावभावावरून ओळखतात. शिकवताना ती मदत हवीच, चाचणीत नको. धड्यातला परिच्छेद वाचून ध्वनिमुद्रित करू नये. तो मजकूर वाचण्यासाठी लिहिलेला असतो, त्याची वाक्ये लांब असतात. फलाटावरची उद्घोषणा, दुकानदाराशी बोलणे, दवाखान्यातली वेळ ठरवणे, क्रिकेटचे समालोचन, पत्ता सांगणे, असे मुळात बोललेच जाणारे काही निवडा. मुलांना वेग झेपत नसेल तर दोन वाक्यांमधली विश्रांती वाढवा, शब्द ताणून बोलू नका. ताणलेली इंग्रजी बाहेर कोणी बोलत नाही, तिची सवय लागून उपयोग नसतो.

मराठी कानांना जे चकवते त्यावर एखादा प्रश्न नेमका ठेवावा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला फरक शेवटच्या 'न'पेक्षा आघाताचा असतो. पंधरामध्ये जोर सहसा शेवटी येतो, पन्नासमध्ये सुरुवातीला. आपण वर्गात दोन्ही सपाट उच्चारतो, म्हणून मुलांना तो फरक कधी ऐकूच आलेला नसतो. 'आय कॅन कम' या वाक्यात 'कॅन' इतका आखूड होतो की 'कन' असाच काहीसा कानी पडतो. ज्यांनी तो सुटा आणि ठसठशीतच ऐकलेला असतो, त्यांना तो वाक्यात सापडतच नाही, आणि येणार की येणार नाही या एका गोष्टीवरच सगळा निरोप उलटतो.

श्रवणाचे प्रश्न ऐकवण्याच्या आधी मुलांच्या हातात द्यावेत आणि वाचायला मिनिटभर वेळ द्यावा. काय शोधायचे हे ठाऊक नसताना ऐकणे ही स्मरणशक्तीची परीक्षा होते. प्रश्नांचा क्रम मजकुराच्या क्रमानेच ठेवा. दोन उत्तरे एकाच वाक्यात नकोत, पहिले लिहीपर्यंत दुसरे निघून जाते. केंब्रिजच्या शालेय स्तरावरच्या परीक्षांत प्रत्येक ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवतात, आयईएलटीएसमध्ये एकदाच. आपल्या मुलांसाठी दोनदाच ठीक: पहिल्यांदा एकूण काय चालले आहे ते कळण्यासाठी, दुसऱ्यांदा तपशिलासाठी. पर्यायी उत्तरे देताना एक खबरदारी घ्यावी. समजा उद्घोषणा अशी आहे: 'द ट्रेन टू कोल्हापूर विल लीव्ह फ्रॉम प्लॅटफॉर्म थ्री, नॉट प्लॅटफॉर्म वन.' पर्यायांत एक आणि तीन दोन्ही असलेच पाहिजेत. फक्त तीनचाच आकडा ऐकू येत असेल तर कानावर पडला तो आकडा निवडून मूल सुटते. आणि श्रवणाच्या उत्तरात स्पेलिंगचे गुण कापू नयेत. 'वेन्सडे' चुकीचा लिहिला तरी त्याला बुधवार ऐकू आला आहे, हेच आपल्याला हवे होते.

श्रुतलेखनाला बरेच जण श्रवणचाचणी समजतात. सुटे शब्द घातले तर ते स्पेलिंगच तपासते. दहा-बारा शब्दांचे अख्खे वाक्य एका दमात सांगून लिहायला लावले तर गोष्ट बदलते, कारण एवढे शब्द अर्थ लागल्याशिवाय डोक्यात टिकत नाहीत.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती यानंतरची पायरी, आणि ती बहुतेक कोणी करत नाही. श्रवणचाचणी निळ्या पेनने सोडवून झाली की ध्वनिमुद्रणातला मजकूर छापील स्वरूपात मुलांना द्यायचा. तेच प्रश्न, तीच उत्तरपत्रिका, पण आता उत्तरे वाचून, शिसपेनने, शेजारच्या रकान्यात लिहायची. निळी उत्तरे खोडायची नाहीत. दहा मिनिटांचे काम. तपासायला बसलात की प्रत्येक मुलाचे दोन आकडे समोर येतात. निळे तीन आणि शिसपेनचे नऊ, अशा मुलाला इंग्रजी येते, फक्त कानाला सवय नाही. त्याला रोज पाच मिनिटे ऐकवले तर दिवाळीपर्यंत फरक दिसेल. निळे तीन आणि शिसपेनचे चार, त्याची अडचण कानाची नाही. त्याला शब्दच माहीत नाहीत, त्याला सोपी पुस्तके वाचायला दिली पाहिजेत, नुसते ऐकवून काही होणार नाही. एखाद्याचे निळे आठ आणि शिसपेनचे पाच निघतात. हे मूल बोलीतून, टीव्हीतून भाषा उचलते आहे पण वाचनात अडखळते. त्याच्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. आणि एखाद्याचा निळा आकडा प्रत्येक वेळी तळालाच राहत असेल, मराठीतले बोलणेही तो पुन्हा विचारत असेल, तर पालकांना बोलावून त्याचे कान तपासून घ्यायला सांगा. श्रवणदोष असलेल्या मुलाचे या चाचणीत गुण कापणे अन्याय आहे, त्याला छापील मजकुरावरच उत्तरे लिहू द्यावीत.

उत्तरपत्रिका तपासून झाल्या की गठ्ठा लगेच बांधून ठेवू नका. साठ मुलांचा वर्ग असेल तर सर्वाधिक गुणांच्या पंधरा आणि सर्वांत कमी गुणांच्या पंधरा उत्तरपत्रिका वेगळ्या काढा. प्रत्येक प्रश्न वरच्या गटात किती जणांचा बरोबर आला आणि खालच्या गटात किती जणांचा, हे कागदावर मांडा. वर तेरा आणि खाली चार असे असेल तर प्रश्न चांगला. दोन्हीकडे चौदा असेल तर तो कोणालाच काही विचारत नव्हता. खालच्या गटाला जास्त बरोबर आला असेल तर प्रश्नाच्या शब्दांतच घोळ आहे, हुशार मुलांनी त्याचा दुसरा अर्थ लावला आहे. तो प्रश्न गुणांतून काढून टाका आणि तसे वर्गाला सांगा. चांगले ठरलेले प्रश्न वहीत जपून ठेवा. दोन-तीन वर्षांत शाळेची स्वतःची प्रश्नपेढी तयार होते, आणि ती बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही संचापेक्षा आपल्या मुलांना जास्त लागू पडते.

चाचणीनंतर वर्गात उत्तरे नुसती सांगू नका. ध्वनिमुद्रण पुन्हा लावा, जिथे मुले चुकली तिथे थांबवा, तेवढेच वाक्य तीनदा ऐकवा. सायलीच्या प्रश्नावर ज्यांनी 'पुन्हा पैसे भरायचे' असे लिहिले, त्यांना 'नीड नॉट' फळ्यावर लिहून दाखवा. चूक ताजी असते तेव्हा दुरुस्ती पक्की बसते.

तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजीचे शिक्षक बैठकांना भेटतातच. तिथे प्रत्येकाने एक ध्वनिमुद्रण आणि पाच प्रश्न आणले, तर वर्षभराची सामग्री एका बैठकीत जमेल आणि मुलांना वेगवेगळे आवाजही ऐकायला मिळतील. पण त्याची वाट पाहत थांबू नका. येत्या घटक चाचणीत दहा गुण श्रवणाला राखून ठेवा, दीड मिनिटाचे काहीतरी मोबाईलवर मुद्रित करा, आणि मुलांना त्या दिवशी शिसपेन आठवणीने आणायला सांगा.